लेकीला फेडरल जज व्हायचंय, परीक्षा कोणती?

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही मूळचे नाशिकचे, गेली पंचवीसेक वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला. मुलगी इथेच वाढली. लॉ स्कूल झालं, बारची परीक्षा पास झाली, सध्या एका फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायाधीशांकडे वर्षभरासाठी लॉ क्लार्क, म्हणजे त्यांची कायद्याच्या कामातली मदतनीस आहे. ऑगस्टमध्ये मुदत संपते. हातात दोन नोकऱ्या आहेत. एक मॅनहॅटनच्या मोठ्या फर्ममध्ये, पगार सव्वादोन लाख डॉलरच्या वर. दुसरी नेवार्कला, फेडरल पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसात, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींची बाजू सरकारी खर्चाने मांडणाऱ्या ऑफिसात; पगार त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. डोक्यावर लॉ स्कूलचं कर्ज आहे. तरी तिचा कल दुसरीकडे, कारण पुढे म्हणे तिला डिस्ट्रिक्ट जज व्हायचंय.

माझा धाकटा भाऊ महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश आहे. एमपीएससीची परीक्षा देऊन कनिष्ठ स्तरावर लागला, आता वरिष्ठ स्तरावर आहे. तो विचारतो, तिकडे परीक्षा कोणती, वयाची अट काय, बढती किती वर्षांनी? मला एकाचंही उत्तर देता येत नाही. मुलीला विचारलं तर ती नुसती हसते. आणि खरं सांगायचं तर ज्यांच्यावर ड्रग्ज आणि बंदुकांचे गुन्हे आहेत त्यांची वकीलपत्रं घेणारीला पुढे जज कोण करेल? आधी फर्म, मग जे काय ते, असं माझं मत. घरात रोज यावरून वाद.

– एक बाप, एडिसन

उत्तर

नमस्कार,

आधी तुमच्या भावाला उत्तर देते, कारण घरातल्या वादाचं मूळ बरंचसं तिथे आहे. परीक्षा नाही. वयाची अट नाही. बढती नाही, आणि दर तीन वर्षांनी सामान बांधायला लावणारी बदलीही नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत फेडरल न्यायाधीशासाठी पात्रतेची एकही अट लिहिलेली नाही. वकिलीची वर्षं सोडाच, कायद्याची पदवीसुद्धा मागितलेली नाही. कागदोपत्री तुम्हीही चालाल! राष्ट्राध्यक्षांनी नाव द्यायचं आणि सिनेटने मंजुरी. एकदा शपथ झाली की वर्तन चांगलं आहे तोवर पद, म्हणजे व्यवहारात तहहयात, आणि पदावर असताना पगारात कपात करता येत नाही. सव्वादोनशेहून जास्त वर्षांत 15 फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग आला, त्यातल्या आठांना जावं लागलं.

भावाला हेही सांगा की इथला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा नव्हे. अख्खं न्यू जर्सी राज्य मिळून एक डिस्ट्रिक्ट आहे, नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला त्याची कोर्टं आहेत. डिस्ट्रिक्ट जज म्हणजे फेडरल कायद्याखालचे खटले प्रत्यक्ष चालवणारा न्यायाधीश. ज्युरी त्याच्यासमोर बसते, साक्षी त्याच्यासमोर होतात, शिक्षा तो देतो. वरच्या अपील कोर्टात जाणं ही बढती नसते, ती नव्याने नेमणूक असते, पुन्हा राष्ट्राध्यक्ष आणि पुन्हा सिनेट. बहुतेक जण आहेत तिथेच आयुष्य काढतात, आणि खुशीने काढतात. आजच्या सुप्रीम कोर्टातल्या नऊ जणांपैकी डिस्ट्रिक्ट कोर्टात खटले चालवलेल्या दोघीच आहेत, सोनिया सोटोमायोर आणि केतांजी ब्राउन जॅक्सन.

देशभरात अशा जागा सगळ्या मिळून पावणेसातशेच्या आसपास, न्यू जर्सीच्या वाट्याला 17. जागा रिकामी कधी होते? कुणी वारलं, राजीनामा दिला, वरच्या कोर्टात गेलं किंवा ‘सीनियर’ झालं तर. वय 65 आणि नोकरी 15 वर्षं झाली की न्यायाधीश पूर्ण पगार ठेवून कामाचा भार कमी करून घेऊ शकतो आणि त्याची जागा मोकळी होते. ती कधी मोकळी करायची हे त्याच्या मर्जीवर. व्हाइट हाउसमध्ये आपल्या पसंतीचा माणूस येईपर्यंत खुर्ची न सोडणारे पुष्कळ असतात. त्यामुळे तुमच्या मुलीचं सगळं जमून आलं तरी तिच्या चाळिशीत न्यू जर्सीत जागा निघेल का, हे पंचांग पाहूनही सांगता येणार नाही.

जागा निघाली की चाक सिनेटरांच्या दारातून फिरतं. बरेच सिनेटर आपापली छाननी समिती नेमतात, इच्छुकांकडून अर्ज मागवतात, मुलाखती घेतात. मग नावं व्हाइट हाउसकडे. नाव जाहीर झालं की सिनेटची न्यायविषयक समिती त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांना संमतीसाठी निळ्या कागदाची चिठ्ठी पाठवते. डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी ही प्रथा अजून पाळली जाते: चिठ्ठ्या परत आल्या नाहीत तर नाव सहसा पुढे सरकत नाही. याशिवाय एफबीआयची चौकशी आणि लांबलचक प्रश्नावली असते, मग समितीपुढे सुनावणी आणि शेवटी सभागृहात मतदान. 2013 पासून तिथे साधं बहुमत पुरतं. अधिवेशन संपलं की लटकलेली नावं परत पाठवली जातात.

यात नशिबाचा भाग किती हे दोन नावांवरून कळेल. डायान गुजराती न्यूयॉर्कच्या अनुभवी सरकारी वकील. ओबामांनी त्यांचं नाव सप्टेंबर 2016 मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टासाठी दिलं. सरकार बदललं, नाव बारगळलं. मग ट्रम्प यांनी, म्हणजे विरुद्ध पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी, 2018 मध्ये तेच नाव पुन्हा दिलं, आणि मंजुरी मिळाली सप्टेंबर 2020 मध्ये, 99 विरुद्ध 0 मतांनी. एकाही सिनेटरचा विरोध नाही, तरी चार वर्षं लोंबकळणं! उलट आपल्या न्यू जर्सीचे झाहिद कुरेशी. रटगर्सला कायदा शिकले, लष्करात वकील म्हणून इराकला जाऊन आले, सरकारी वकील झाले, खाजगी फर्ममध्ये भागीदार होते, 2019 मध्ये मॅजिस्ट्रेट जज (त्याच कोर्टातला, ठरावीक मुदतीचा न्यायाधीश; त्याबद्दल पुढे सांगते) झाले. मार्च 2021 च्या अखेरीस त्यांचं नाव आलं आणि 10 जूनला 81 विरुद्ध 16 मतांनी मंजूरही झालं.

तुम्ही मनात म्हणाल, म्हणजे वशिला. वशिला नाही म्हणाले तर खोटं ठरेल, पण आपल्याकडे त्या शब्दाने जे डोळ्यांसमोर येतं ते नेमकं इथे लागू नाही. सिनेटरच्या समितीतले वकील एकमेकांना विचारतात, ही बाई कोर्टात कशी आहे? त्या प्रश्नाला शपथेवर बोलल्यासारखं उत्तर देणारी पाच-दहा माणसं तुमच्या मुलीजवळ असायला हवीत. ती माणसं मिळतात कोर्टात, आणि म्हणून कुठल्या नोकरीत ती कोर्टात जास्त दिसेल हा प्रश्न पगाराइतकाच मोठा आहे.

सिनेटची ती प्रश्नावली तिला आजच डाउनलोड करून वाचायला सांगा, सार्वजनिक आहे. किती खटले निकालापर्यंत चालवले, त्यातले एकटीने किती, ज्युरीपुढे किती हे आकड्यात विचारतात. सगळ्यात महत्त्वाचे दहा खटले सविस्तर मागतात आणि प्रत्येकात समोरच्या बाजूचा वकील कोण होता तेही. अशा वेळी फोन मित्रांना जात नाही, जिच्याशी भांडलात त्या वकिलाला जातो. डिफेंडर ऑफिसात गेली तर तिची रोजची गाठ सरकारी वकिलांशी पडेल. पंधरा वर्षांनी त्यांच्यातल्याच कुणीतरी म्हणायला हवं की ही कडक लढायची, पण दिलेला शब्द कधी फिरवला नाही.

आता तुमची खरी भीती. डिफेंडर म्हणून काम केल्याने नाव खराब होईल का?

एस्थर सालास यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नेवार्कच्या याच ऑफिसात त्या 1997 पासून 2006 पर्यंत असिस्टंट फेडरल पब्लिक डिफेंडर होत्या. मग मॅजिस्ट्रेट जज झाल्या, आणि 2011 पासून न्यू जर्सीच्या डिस्ट्रिक्ट जज आहेत. केतांजी ब्राउन जॅक्सन यांनीही वॉशिंग्टनमध्ये फेडरल डिफेंडरचं काम केलं होतं. गूगलच्या सर्च मक्तेदारीवर 2024 मध्ये निकाल देणारे अमित मेहता, गुजरातमधल्या पाटणमध्ये जन्मलेले, त्यांनीही वॉशिंग्टनच्या पब्लिक डिफेंडर सेवेत काही वर्षं काढली आहेत. तेव्हा रस्ता बंद नाही. पण तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. एका राष्ट्राध्यक्षाला डिफेंडर हवेसे वाटतात, दुसऱ्याला सरकारी वकील, तिसऱ्याला आपल्या विचारांचे, अपिलं लढवणारे वकील. बायडेन यांच्या काळात डिफेंडरांच्या नेमणुका भराभर झाल्या, त्याच सुनावण्यांमध्ये काही सिनेटरांनी जुने अशील काढून त्यांना टोमणेही मारले. 2040 च्या सुमारास वारा कुठल्या दिशेने असेल हे कोण सांगणार? वाऱ्यावर भिस्त ठेवून नोकरी निवडायचीच नाही.

फर्मची बाजूही मांडते. अरुण सुब्रमण्यन 2023 मध्ये मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात आले ते खाजगी फर्मच्या भागीदारीतून. फर्मचं शिक्षण चांगलं असतं, लिहिणं घोटून घेतलं जातं, कर्ज दोन-तीन वर्षांत उतरवता येतं. पण मोठ्या फर्ममध्ये नव्या वकिलाला कोर्टात उभं राहून साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला मिळेल तर शप्पथ. कागदपत्रांचे ढीग उपसायचे, मसुदे करायचे, मागच्या बाकावर बसून वरिष्ठाला चिठ्ठ्या पुढे करायच्या, यात पाच-सात वर्षं सहज जातात. शिवाय आठव्या वर्षाच्या पगाराची सवय झाली की सरकारी पगारावर उतरणं घरादाराला जड जातं. जाताना सगळेच म्हणतात, दोन वर्षांनी बाहेर पडू. परत येणारे थोडे.

आणि ज्या खुर्चीसाठी हे चाललंय तिचा पगार सांगू? 2024 मध्ये डिस्ट्रिक्ट जजचा वर्षाचा पगार 2,43,300 डॉलर होता. मोठ्या फर्ममध्ये पहिल्या दिवशी आलेल्या मुलीला तेव्हा 2,25,000 मिळत होते. वीस वर्षं घासल्यावर लेकीला साधारण तेवढंच मिळणार असेल, तर तिला पैसा खुणावत नाही हे तुम्हीही ओळखलं असेलच.

तिला काय खुणावतं ते पाहायचं असेल तर एक दिवस रजा काढा आणि शिक्षेच्या सुनावणीला जाऊन बसा. फेडरल कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. ओळखपत्र न्या, फोनचे नियम आधी बघा, मागच्या बाकावर बसा. तुरुंगाच्या कपड्यात एक तिशीचा मुलगा आत आणला जातो, मार्शल, म्हणजे कोर्टाचे पोलीस, त्याच्या मागे उभे. दुसऱ्या रांगेत त्याची आई. न्यायाधीशासमोर प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल असतो: शाळा कधी सोडली, बाप कधी गेला, व्यसन कधी लागलं, पहिली अटक कधी. तुमची मुलगी आठवडाभर असले अहवालच वाचत असणार. शेजारी शिक्षेचा तक्ता, गुन्ह्याच्या 43 पायऱ्या उभ्या, पूर्वेतिहासाचे सहा रकाने आडवे, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे महिन्यांचा आकडा. 2005 पासून तो आकडा बंधनकारक राहिलेला नाही, सल्ल्यापुरता आहे. म्हणजे 70 महिने की 46 हे शेवटी त्या एका माणसाने ठरवायचं, तेही मोठ्याने, कारणं सांगत, त्या आईच्या देखत. त्याआधी मुलाला विचारलं जातं, तुला काही सांगायचंय का? आणि त्याआधी त्याची वकील उभी राहते. निर्णय देणाऱ्या खुर्चीत पुढे बसायचं असेल तर या पोराशेजारी काही वर्षं उभं राहिलेलं वाया जात नाही, असं मला इथली कोर्टं बघून वाटतं. तुमच्या मुलीलाही बहुधा तेच वाटत असावं, फक्त बापाला समजावताना ती ‘जज व्हायचंय’ एवढंच म्हणते.

कामाची दुसरी बाजू रुक्ष आहे. जजचा बराच वेळ चेंबरमध्ये दिवाणी अर्जांचे निकाल लिहिण्यात जातो. सहा महिन्यांहून जुन्या प्रलंबित अर्जांची यादी वर्षातून दोनदा, जजच्या नावानिशी जाहीर होते. मार्च आणि सप्टेंबर जवळ आले की क्लार्कांची झोप उडते ती त्यामुळे. भावाला हे कळेल, त्याच्याकडेही तुंबलेल्या प्रकरणांचा हिशेब असतोच.

मधली एक वाटही तिला दाखवून ठेवा. मॅजिस्ट्रेट जजची जागा ही इथली त्यातल्या त्यात ‘अर्ज करून मिळणारी’ जागा. जाहिरात निघते, किमान पाच वर्षांची वकिली लागते, नागरिक आणि वकिलांची निवड समिती छाननी करते आणि शेवटी त्या कोर्टाचे डिस्ट्रिक्ट जजच निवड करतात. राष्ट्राध्यक्ष नाही, सिनेट नाही. मुदत आठ वर्षांची, पुन्हा नेमता येते. जामीन, वॉरंट, दिवाणी खटल्यांची सुरुवातीची सगळी बांधणी त्यांच्याकडे. सालास आणि कुरेशी दोघेही त्याच दारातून आत आले, पण ही नुसती पायरी समजू नका. कित्येक जण तिथेच समाधानाने निवृत्त होतात. राज्याच्या सुपीरियर कोर्टाची वाटही आहे, तिथे गव्हर्नर नाव देतात आणि दहा वर्षं बारचं सदस्यत्व लागतं.

एक पथ्य. क्लार्क असताना आणि पुढे डिफेंडर झाली तरी पक्षीय राजकारण तिला वर्ज्य आहे, आचारसंहितेतच तसं आहे. सिनेटरच्या प्रचारात पत्रकं वाटून ओळख वाढव, असला सल्ला तिला देऊ नका. ओळखी वकिलांच्या संघटनांमधून होऊ दे. समाजमाध्यमांवर लिहिते ते जपून लिहू दे, कारण प्रश्नावलीत भाषणं, लेख, मुलाखती सगळं मागतात आणि न सांगितलेलं कुणीतरी शोधून काढतंच.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण घरातल्यांनी डोळे उघडे ठेवून विचार करावा अशी एक गोष्ट. जुलै 2020 मध्ये सालास यांच्या नॉर्थ ब्रन्सविकच्या घरी, तुमच्यापासून काही मैलांवर, त्यांच्यापुढे खटला असलेला एक वकील पार्सलवाल्याच्या वेषात आला आणि त्याने गोळ्या झाडल्या. त्यांचा 20 वर्षांचा मुलगा डॅनियल त्यात गेला, नवरा गंभीर जखमी झाला. त्या मुलाच्या नावाने 2022 मध्ये न्यायाधीशांचे घरचे पत्ते इंटरनेटवरून हटवण्याचा कायदा झाला. सालास आजही काम करतात. पुढे कधी वेळ आली तर हा निर्णय मुलीचा एकटीचा नसेल, हे तिलाही माहीत असू दे.

मग आता काय करायचं? माझा कौल डिफेंडर ऑफिसला आहे, पण दोन अटींवर. पहिली, तिने त्या ऑफिसला नीट विचारावं: पहिल्या दोन वर्षांत नव्या वकिलाला स्वतःच्या नावावर किती प्रकरणं मिळतात, गेल्या वर्षी किती खटले ज्युरीपुढे गेले? फेडरल फौजदारी प्रकरणांत शंभरातले नव्वदहून जास्त आरोपी खटला न चालवता गुन्हा कबूल करतात, तेव्हा ‘रोज ट्रायल असते’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नये. ती ज्या जजकडे आता काम करते त्यांनाही विचारावं. नवे वकील रोज त्यांच्यासमोर उभे राहतात, कोण कुठून तयार होऊन येतं हे त्यांच्याइतकं कुणाला दिसत नाही.

दुसरी अट कर्जाची, आणि ती तुम्ही अंगावर घ्या. सार्वजनिक सेवेत पूर्णवेळ नोकरी करताना पात्र योजनेखाली 120 मासिक हप्ते भरले की उरलेलं फेडरल कर्ज माफ होण्याची योजना 2007 पासून आहे. कर्ज थेट सरकारी आहे की खाजगी बँकेचं, हे आधी बघा, खाजगीला ही सवलत नाही. क्लार्कशिपही सरकारी नोकरीच, त्या काळात हप्ते भरले असतील तर तेही मोजणीत येऊ शकतात. मालकाच्या सहीचं प्रमाणपत्र दर वर्षी भरून ठेवायला सांगा, दहा वर्षांनी एकदम गोळा करायला गेलं की कुठलं तरी ऑफिस सापडत नाही. योजनेचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीकडून आजचा आकडा लेखी घ्या आणि फर्मला उत्तर द्यायच्या तारखेआधी तो तिच्यासमोर ठेवा.